तलावाची पाळ, नहराची पार अन् गडाचा चढ : रामटेक–भंडारा–गोंदिया पट्ट्यातले धावायचे मार्ग

धानपट्टा (धागाकर्ता)

रामटेकपासून तुमसर, साकोली, अर्जुनी मोरगावपर्यंत पहाटे पळणारी पोरं-पोरी आता गावोगाव दिसतात. बहुतेक जण डांबरी रस्त्याच्या पांढऱ्या पट्टीवरून पळतात, आणि रेतीचे टिप्पर अन् धानाचे ट्रकही त्याच वेळी तिथूनच जातात. या भागात तलाव आहेत, धरणांचे नहर (कालवे) आहेत, सपाटीतून मध्येच उठलेल्या टेकड्या आहेत. तरी सगळे रस्त्यावरच का?

पोलीस भरती (मुलं १६०० मीटर, मुली ८०० मीटर), वनरक्षक भरती (५ किमी आणि ३ किमी) आणि अर्धमॅरेथॉन (२१.१ किमी), या तिन्ही तयारीला चालतील असे मार्ग इथे गोळा करू. जमीन कशी, कोणत्या महिन्यात मार्ग बंद पडतो, अंतर कसं मोजायचं, जनावरांचं काय, हे नेमकं लिहा. नुसतं 'निसर्गरम्य परिसर आहे' लिहून पळणाऱ्याला काही उपयोग नाही.

तलावपाळ

पाळेपासून सुरुवात करतो, ती बहुतेकांच्या गावाला आहे. मामा तलाव म्हणजे माजी मालगुजारी (जमीनदारी काळातले) तलाव. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या जिल्ह्यांत ते हजारोंनी आहेत आणि त्यातले कित्येक कोहळी लोकांनी बांधलेले. पाळ मातीची, बहुधा दोन उंचवट्यांना जोडणारी, त्यामुळे कमानीसारखी वाकलेली. लहान गावाची पाळ तीन-चारशे मीटर भरते, मोठ्या तलावाची किलोमीटरच्या वर.

आधी माथ्याची रुंदी बघा. बैलबंडी जाईल एवढी, म्हणजे अडीच-तीन मीटर असेल तर दोघं जोडीने पळू शकतात. अरुंद पाळेवर गुरांच्या खुरांनी मधोमध घळीसारखी पायवाट पडलेली असते. तिच्या काठावर पाऊल पडलं की ते तिरपं होतं आणि घोटा मुरगळतो. अशा पाळेवर हलकं पळणं ठीक, वेगाचं काम नको.

मग माती. सिहार (रेतीमिश्र, पिवळसर) किंवा मुरमाड पाळ जवळजवळ वर्षभर चांगली. कन्हार (काळ्या चिकण) मातीची पाळ पावसात बुटाला चिकटते आणि एप्रिल-मे मध्ये भेगाळते. भेग बोटभर दिसते, पण बुटाचं टोक अडकायला तेवढी पुरते. भेगाळलेल्या पाळेवर अंधारात पळूच नका.

पावसाळा संपता संपता खेकड्यांची बिळं पाळेच्या उताराला आणि कधी माथ्यावरही असतात. गवत वाढलेलं असल्याने बीळ दिसत नाही, पण तोंडाशी ओल्या मातीच्या बारीक गोळ्यांचा ढीग असतो, कुणी मातीचे मणी करून ठेवल्यासारखा. ते गोळे दिसले की त्या दहा-पंधरा पावलांत चालायचं. टाच बिळात गेली तर पाय घोट्यापर्यंत आत जातो, आणि धावण्याचा जोर मागून असल्याने मुरगळणं साधं राहत नाही.

तुडुमाजवळ (तलावाचं पाणी शेतीला सोडायच्या तोंडाजवळ) बऱ्याच ठिकाणी दगड वर आलेले आणि माती खचलेली असते, तिथे वेग कमी करा. सांडव्यावरून पाणी वाहत असेल तर तिथूनच मागे फिरा. शेवाळलेल्या दगडावर पोटरीएवढं पाणीसुद्धा पाय उचलून नेतं. तलावाला पूर्ण वळसा घालत असाल तर एक दिवस उजवा वळसा, एक दिवस डावा. रोज एकाच बाजूने वळलं की बाहेरच्या पायाच्या गुडघ्याची कड दुखायला लागते.

शेवटचं, पण तेवढंच महत्त्वाचं. पाळ ही गावाची जागा आहे. सकाळी घाटावर बाया धुणं-आंघोळीला असतात. पोरांच्या घोळक्याने घाटाजवळून पळू नये, त्याच्या अलीकडेच वळावं. ढिवर (मासेमार) भाऊंची जाळी पाळेवर वाळत घातलेली असतात, त्यांवर बूट पडला तर गाठी तुटतात. हे दोन नियम पाळले तर कुठल्याच गावात कुणी अडवत नाही.

ग्राउंड_१६००

पाळेवर १६०० ची वेळ लावली तर धरायची का? आमच्याकडची पाळ साधारण ४०० मीटर आहे असं सगळे म्हणतात. म्हणजे चार खेपा.

नहरवाट

भाऊ, 'साधारण ४००' वर वेळ लावू नका. १६०० मध्ये एक टक्का चूक म्हणजे १६ मीटर, आणि ५ मिनिटं १० सेकंदांच्या वेगाने १६ मीटर म्हणजे तीन सेकंद. पूर्ण गुणांसाठी ५:१० लागतात (मुलींना ८०० ला २:५०, तरी दर भरतीची जाहिरात वाचूनच घ्या). म्हणजे ४०० चा टप्पा साडेसत्त्याहत्तर सेकंदांचा, मुलींचा ८५ चा. इथे तीन सेकंद हातातून सुटून चालत नाहीत.

मोबाईलच्या जीपीएसवर झाडाखाली भरवसा ठेवू नका. नागमोडी पाळेवर तो वळणं कापून अंतर कमी दाखवतो, आणि दाट आमराईत कधी वाढवूनही दाखवतो. सायकलने मोजा:

१. चाकात हवा कडक भरा. मोजायचं त्याच दिवशी, त्याच हवेवर सगळं करा.
२. पुढच्या टायरवर व्हॉल्व्हच्या सरळ रेषेत खडूची खूण करा, खूण जमिनीला टेकलेली असताना जमिनीवर रेघ मारा.
३. सायकलवर बसून, म्हणजे वजन देऊन, सरळ रेषेत चाकाचे दहा फेरे पूर्ण करा आणि शेवटी दुसरी रेघ मारा.
४. दोन रेघांमधलं अंतर टेपने मोजा, दहाने भागा. २६ इंची चाकाला दहा फेऱ्यांचे समजा २०.८० मीटर आले, तर एक फेरा २.०८ मीटर.
५. १६०० भागिले २.०८ म्हणजे ७६९ फेरे. ४०० ला १९२ आणि थोडं.

फेरे मोजायला पुढच्या एका आरीला प्लॅस्टिकची जाड पट्टी बांधा, ती चाक धरणाऱ्या चिमट्याला (फोर्कला) दर फेऱ्यात एकदा टक करून लागली पाहिजे. शंभर टक झाले की एक खडा खिशात. दोनदा मोजा. दोन्ही वेळच्या अंतरात दोन-तीन मीटरपेक्षा जास्त फरक आला तर तिसऱ्यांदा मोजा.

आणि पाळेवर चार खेपा म्हणजे तीन वेळा पूर्ण थांबून उलटं वळणं. प्रत्येक वळणाला एक-दोन सेकंद जातात आणि दमही तुटतो. म्हणून पाळेवरची वेळ ग्राउंडच्या वेळेशी ताडू नका, पाळेवरच्याच मागच्या वेळेशी ताडा. आठवड्यातून एक दिवस शाळेच्या नाहीतर तालुक्याच्या ग्राउंडवर जाऊन गोल पळायलाच हवं.

आता नहर. माझ्या मते सलग वेगाने पळायला या भागात नहराच्या पारेसारखी (काठाच्या भरावासारखी) दुसरी जागा नाही. पाणी आपोआप वाहावं म्हणून नहराला अगदी नावालाच उतार असतो, त्यामुळे किलोमीटरमागून किलोमीटर चढ नाही, उतार नाही, आणि एका बाजूला पाहणीचा गाडीरस्ता असतो. इटियाडोह, गोसेखुर्द, खिंडसी, या सगळ्या धरणांचे नहर आहेत. वनरक्षकाला शेवटी चालण्याची चाचणी असते, मुलांना ४ तासांत २५ किमी, मुलींना ४ तासांत १६ किमी. मुलांना ताशी सव्वासहा किमीचा वेग चार तास टिकवावा लागतो, तो नुसत्या चालीने कठीण जातो. चालणं अन् हलकी धाव आलटून पालटून बसवायला नहरासारखी जागा नाही.

नहरावरची अडचण काट्यांची. पारेवरच्या बाभळी छाटल्या की फांद्या तिथेच पडून राहतात. बाभळीचा वाळका काटा बुटाच्या तळव्यातून हळूहळू वर चढतो, दोन-तीन दिवसांनी टोचायला लागतो आणि तोवर फोममध्ये मोडलेला असतो. रोज पळून आल्यावर बूट दोन्ही हातांनी वाकवा आणि तळव्यावर अंगठा फिरवा. काळा ठिपका दिसला तर चिमट्याने सरळ ओढा, तिरपा ओढलात तर मोडतो. ऑक्टोबरनंतर कुसळं अन् गोखरू. सुती मोज्यात कुसळ शिरलं की धुऊनही निघत नाही. गुळगुळीत नायलॉनचे, घोट्याच्या वर येणारे मोजे घाला.

गाळ काढल्यावर मशीनने तो पारेवरच टाकलेला असतो. वर वाळलेला दिसतो, खाली पाय रुततो. त्या पट्ट्यात पलीकडची पार धरा, आणि नहर ओलांडायला पूलच वापरा. अस्तरीकरण केलेल्या नहराचा तिरपा काँक्रीट काठ ओला असताना त्यावरून वर येता येत नाही, पोहणाऱ्यालासुद्धा. म्हणून पाणी सोडलेल्या दिवसांत काठापासून किमान दोन मीटर आतून पळा.

रामगिरीचा_चढ

रामटेकबद्दल लिहितो. गड गावापासून सुमारे दीडशे मीटर उंच. वर जायला गावाकडून पायऱ्या, अंबाळा तलावाकडून पायऱ्या आणि एक गाडीरस्ता. पळायचं ते गाडीरस्त्याने. पायऱ्या घासून गुळगुळीत झाल्या आहेत, सगळ्या सारख्या उंचीच्याही नाहीत. चढताना चालत जायला त्या उत्तम, मांड्या अन् पुठ्ठे दोन्ही तयार होतात. पण पायऱ्यांवरून पळत उतरणं सोडून द्या. पाऊस पडून गेल्यावर तर नक्कीच.

चढाचा सराव असा बसतो. अंबाळ्याच्या काठाने दहा-पंधरा मिनिटं हलकं पळून अंग गरम करा. मग गाडीरस्त्यावर सलग ६० ते ९० सेकंद चढता येईल असा तुकडा निवडा. जोर एवढाच की वर पोचल्यावर दोन-चार शब्द बोलता यावेत, पूर्ण वाक्य नाही. खाली चालत या. पहिल्या आठवड्यात ४ खेपा, पुढे ६, मग ८. आठवड्यातून एकदाच, आणि ग्राउंडवर वेळ लावायच्या आधीचे दोन दिवस नाही. चढताना कंबरेतून वाकू नका, घोट्यापासून पूर्ण अंग थोडं पुढे झुकवा. पावलं आखूड ठेवा, नजर आठ-दहा मीटर पुढे. पायाशी बघत चढलं की छाती दबते आणि दम लवकर लागतो.

उताराला लोक कमी लेखतात. उतरताना मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच भार झेलतो, म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरता येत नाही. महिनाभर उतार चालतच उतरा, नंतर थोडा थोडा पळत.

लांबच्या पळण्याला अंदाज: चढाच्या दर १० मीटर उंचीला सपाटीवरचे ८० ते १०० मीटर जास्त धरा. एकदा गड चढलात तर अंगावर साधारण सव्वा ते दीड किमी जादा पडले. त्या दिवशी घड्याळातला वेग मंद दिसला तरी मन खट्टू करू नका.

माकडं भरपूर आहेत. हातात पिशवी, केळं, बिस्किटाचा पुडा काहीच नको. पाण्याची बाटलीसुद्धा हिसकतात, म्हणून ती कंबरेच्या पट्ट्यात. रामनवमी आणि त्रिपुरी पौर्णिमेच्या दिवसांत गडाचा विचार सोडून द्या.

सपाटीसाठी दोन दिशा. एक खिंडसीची. सूर नदीवर १९१३ साली बांधलेला हा तलाव, एका बाजूला पाणी अन् मागे टेकड्या. सकाळी आठपर्यंत रस्ता मोकळा, रविवारी नंतर नौकाविहाराच्या गाड्या सुरू होतात. तिथून पुढे जंगलाकडे जाणाऱ्या वाटा मात्र एकट्याने धरू नका. दुसरी दिशा नगरधनची. भुईकोट किल्ल्यापर्यंत धानाच्या बांध्यांमधून जाऊन-येऊन १५ किमीच्या आसपास, जवळजवळ सपाट. अर्धमॅरेथॉनच्या लांब पळण्याला हीच बरी. मनसरकडे राष्ट्रीय महामार्ग ४४ आहे, तिकडे पाय वळवू नका.

मोहाखाली

जनावरांचं आता लिहितो, कारण हा विषय 'काळजी घ्या' एवढ्यावर सोडता येत नाही.

नवेगाव-नागझिरा, पेंच, ताडोबा, मेळघाट या व्याघ्र प्रकल्पांच्या आत पायी फिरायला बंदी आहे, पळायलाही. नवेगावबांधचा तलाव कितीही ओढ लावत असला, त्याभोवतीच्या टेकड्या कितीही जवळ दिसल्या, तरी जंगलाच्या वाटा पळण्यासाठी नाहीत. गावाकडचा रस्ता अन् शेतातल्या पांदणी वापरा.

प्रकल्पाबाहेरही जंगलाला लागून असलेली पाळ किंवा पांदण असेल तर सूर्योदयानंतर अर्ध्या तासाने निघा. मेच्या शेवटी उजाडतं साडेपाचला, जानेवारीत सात वाजायला दहा-पंधरा मिनिटं असताना. वेळ घड्याळावर न लावता उजेडावर लावा.

मार्च-एप्रिल मोहाचे दिवस. फुलं पहाटे गळतात आणि ती खायला अस्वल येतं. अस्वलाला फार लांबचं दिसत नाही, आणि ते खाण्यात गुंतलेलं असताना धावणारा माणूस अचानक वळणावर पुढ्यात आला तर ते पळून जाण्याऐवजी अंगावर येतं. मोहाची झाडं असलेल्या वाटेने त्या दोन महिन्यांत पळूच नका. मे महिन्यात तेंदूपानाला गेलेली माणसं जंगलात असतात, जनावरं त्यामुळे जागा बदलतात. कालची सुरक्षित वाट आज तशी असेल असं धरू नका.

किमान तिघं, कानात इअरफोन नाही, बोलत पळा, आंधळ्या वळणाआधी टाळी वाजवा. निघण्याआधी गुराखी किंवा पोलीस पाटलाला विचारा, त्यांना रात्रीची खबर असते. बूट बांधायला किंवा लघवीला झुडपाशी वाकून बसू नका. वाकलेला माणूस वाघ-बिबट्याला माणसासारखा दिसत नाही.

समोर वाघ किंवा बिबट दिसला तर पळायचं नाही. पळणं म्हणजे पाठलागाला बोलावणं. ताठ उभं राहा, सगळे एकत्र या, तोंड त्याच्याकडे ठेवून हळूहळू मागे सरका. वन विभागाची हेल्पलाइन १९२६, रुग्णवाहिका १०८. दोन्ही फोनमध्ये घालून ठेवा.

वैनगंगेपल्याड

वरच्याला जोड. नागभीड तालुक्यातला घोडाझरी तलाव कुणी सुचवेल म्हणून आधीच लिहितो. पाणी, टेकड्या, सावली, सगळं आहे. पण तो आता अभयारण्याचा भाग आहे आणि ब्रह्मपुरी वन विभागात माणूस-वाघ संघर्ष गंभीर आहे. सिंदेवाही, नागभीड, ब्रह्मपुरीकडच्या मुलांनी तालुक्याचं ग्राउंड आणि गावालगतचा वर्दळीचा रस्ता, एवढंच धरावं. इथे मोकळ्या वाटेचा मोह जिवावर बेततो.

सकाळपाळी

मुलींसाठी काही गोष्टी वेगळ्या आहेत, त्या धाग्यात यायलाच हव्यात.

नहर कितीही सपाट असला तरी तो गावापासून लांब जातो आणि मध्ये माणूस नसतो. मुलींनी एकट्याने नहर धरू नये. गावाजवळची पाळ बरी. सकाळी ढिवर जाळी काढत असतात, बाया घाटावर असतात, देवळात कुणी झाडत असतं. चार ओळखीचे डोळे आसपास असणं हीच मोठी सोय. ८०० मीटरला लांब मार्गाची गरजही नाही. २०० मीटरची मोजलेली सरळ पाळ मिळाली तरी पुष्कळ: २०० मीटर वेगात, परत चालत, अशा ६ ते ८ खेपा, आठवड्यातून दोनदा. उरलेल्या दिवसांत वीस-तीस मिनिटं हलकं पळणं.

घरी सांगताना 'पळायला चालले' एवढंच नको. 'पाळेवर जाते, देवळापर्यंत, साडेसहाला परत' असं सांगा. गळ्यात शिट्टी ठेवा. जमिनीचा रंग अन् कपड्याचा रंग एक होऊ देऊ नका, पिवळा किंवा भगवा टी-शर्ट धुक्यातही लांबून दिसतो. डिसेंबर-जानेवारीत तलावावर धुकं एवढं दाट येतं की पाळेची कड दिसत नाही. त्या दिवशी गावातल्या रस्त्यावरच पळा.

गोठ्याची कुत्री: पळत असताना मागे लागली तर थांबा, चालायला लागा, डोळ्यात बघू नका, आणि त्यांच्या अन् गोठ्याच्या मधून जाऊ नका. चावलं तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी रेबीजची लस सुरू करा. हळद-चुना लावत बसू नका.

धानपट्टा

ताई, हे लिहिलंत ते फार गरजेचं होतं. पावसाळ्याचं अन् उन्हाळ्याचं कुणी सविस्तर लिहा. जुलैमध्ये बरीच पोरं सराव सोडून देतात.

रोवणी

पावसाळ्यात मार्ग बदलायचा, सराव सोडायचा नाही.

जुलै-ऑगस्टला रोवणी (धानाची लावणी) सुरू असते. बांधीच्या (धानाच्या वाफ्याच्या) धुऱ्यावरून, म्हणजे मातीच्या बांधावरून पळू नका. धुरा नुकताच चिखलाने लिंपलेला असतो. चार पोरं त्यावरून गेली की फुटतो, बांधीतलं पाणी वाहून जातं आणि रोवलेलं धान उघडं पडतं. शेतकऱ्याचा दिवसभराचा घाम त्यात असतो. पांदणींतही ट्रॅक्टरच्या केजव्हीलने (चिखलणीच्या लोखंडी चाकाने) गुडघाभर चाकोऱ्या पडतात. या दोन महिन्यांत मुरमाचा गावरस्ता, शाळेचं ग्राउंड, आणि पाऊस थांबलेला असताना गडासारखा डांबरी चढ, एवढेच मार्ग. शेतातून ट्रॅक्टर वर आला की डांबरावर चिखलाचे गोळे पडतात, त्यावर दोन थेंब पडले तरी बूट सटकतो.

वीज. जूनची सुरुवात आणि सप्टेंबर-ऑक्टोबर, दोन्ही वेळा. पाळेवर असताना आसपास सगळ्यांत उंच तुम्हीच असता, बाजूला पाणी. लखलखाट आणि गडगडाट यात ३० सेकंदांपेक्षा कमी अंतर असेल तर लगेच पाळ सोडा, पक्क्या इमारतीत जा. मोहाच्या किंवा चिंचेच्या झाडाखाली थांबू नका. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडायचं नाही. निघण्याआधी 'दामिनी' ॲप बघायची सवय लावा.

साप चावला तर बांधणं, कापणं, चोखणं काही नाही. तो पाय अजिबात हलू देऊ नका, १०८ लावा, सरळ रुग्णालय. पळत किंवा चालत गावात येणंही चुकीचं, इतरांनी उचलून आणावं.

ओले बूट चुलीजवळ किंवा उन्हात कडक वाळवू नका, तळव्याचा डिंक सुटतो. आतला तळवा बाहेर काढा, वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, दोन तासांनी बदला. सकाळपर्यंत वाळतात.

ऑक्टोबरअखेर ते डिसेंबर धान कापणी अन् मळणी. काही ठिकाणी धान रस्त्यावर वाळत घालतात. त्यावर बूट टाकणं बरोबर नाही, आणि तणसावरून (धानाच्या वाळक्या काड्यांवरून) पाय सरकतोही. तेवढा तुकडा चाला. नोव्हेंबर ते फेब्रुवारी लांब पळण्याचा खरा हंगाम, अर्धमॅरेथॉनवाल्यांनी त्याच चार महिन्यांत अंतर वाढवावं.

पाणवठा

उन्हाळा. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जाणं इकडे नेहमीचं आहे, पण घात करते ती रात्र. पहाटेसुद्धा ३० च्या आसपास असेल तर अंग थंड होऊन उठतच नाही. सव्वापाच-साडेपाचला सुरू, साडेसहाला बंद. जंगलकाठच्या मार्गाला मोहाखाली यांनी लिहिलेला उजेडाचा नियम लागू, म्हणून मे महिन्यात तो मार्गच नको. गावातलं ग्राउंड घ्या.

उन्हाची सवय व्हायला दहा ते चौदा दिवस लागतात. परगावाहून आलेल्याने पहिल्या आठवड्यात अंतर निम्मं करावं. पाण्याचा हिशोब वजनावर: पळण्याआधी आणि नंतर, घाम पुसून, कमी कपड्यांत वजन करा. एक किलो कमी झालं म्हणजे एक लिटर पाणी गेलं, दिवसभरात थोडं थोडं करून ते भरा. ओआरएसचं मोठं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यातच घाला, घट्ट केलं तर जुलाब होतात. पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा छोटा चमचा मीठ.

कुणी असंबद्ध बोलायला लागला, पाय अडखळायला लागले, तर घाम येतोय की नाही हे बघत बसू नका. तो उष्माघात धरा. सावलीत झोपवा, कपडे सैल करा, डोक्यावर-मानेवर-काखेत गार पाणी सतत ओता, वारा घाला, १०८ लावा. बेशुद्ध असेल तर तोंडात पाणी घालू नका. तलाव जवळ असला तरी त्याला तलावात उतरवू नका, ओंजळीने, बादलीने पाणी वर आणा.

सातपुड्याची_धार

अमरावतीकडून थोडं. परतवाडा ते चिखलदरा घाटात आंधळी वळणं खूप. समोरून येणारी गाडी दिसावी म्हणून उजव्या कडेने पळा, पण उजवीकडे वळणारं आंधळं वळण असेल तर वीस-तीस मीटर आधीच रस्ता ओलांडून बाहेरच्या कडेला जा आणि वळण संपलं की परत या. चिखलदरा हजार मीटरच्या वर आहे, मे महिन्यात खालच्यापेक्षा बराच गारवा. पठारावर शक्कर तलाव, देवी पॉइंट या बाजूंनी डांबरी रस्त्यावरच पळा, मेळघाटच्या आत जाणाऱ्या वाटा सोडून.

आणि आमच्या काळ्या मातीच्या पांदणी जून ते ऑक्टोबर विसरा. दहा पावलांत एकेका बुटाला किलोभर चिखल चिकटतो, आणि तो ओढत पळालं की मांडीच्या सांध्याला ताण बसतो.

तुमसरवाट

चांदपूरचं कुणी लिहिलं नाही. तलाव, टेकडीवर हनुमान मंदिर, दोन्ही एकाच ठिकाणी आहेत. पाळेवर सपाट पळणं आणि मंदिराच्या चढावर छोट्या खेपा एकाच सकाळी होतात. शनिवारी भाविकांची गर्दी असते, दुसरा वार घ्या.

ग्राउंड_१६००

नहरवाट भाऊ, सायकलने मोजलं. दहा फेऱ्यांचे २०.८० आले होते. पाळेच्या एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत १८७ फेरे भरले. पण दुसऱ्या पोराने २८ इंची जुन्या सायकलने मोजलं तर १७६ आले. कोणतं खरं?

नहरवाट

दोन्ही खरी असू शकतात. १८७ गुणिले २.०८ म्हणजे ३८९ मीटर. २८ इंचीचा घेर २.२ मीटरच्या आसपास येतो. त्याचे दहा फेरे वेगळे मोजलेत का? ते २२.१० आले तर १७६ फेऱ्यांचेही ३८९ च होतात. प्रत्येक सायकलचा घेर वेगळा काढावाच लागतो, दुसरीचा आकडा वापरता येत नाही.

म्हणजे तुमची पाळ ४०० ला ११ मीटर कमी, आणि चार खेपांत ४४ मीटर कमी. आतापर्यंत लावलेल्या सगळ्या वेळा आठ-नऊ सेकंदांनी चांगल्या दिसत होत्या. सुरुवातीची खूण ११ मीटर मागे न्या. तिथे पाळ संपत असेल तर पलीकडच्या उंचवट्यावर न्या, पण तो तुकडा सपाट हवा. मोजताना वाकणाच्या आतल्या कडेपासून ३० सेंटीमीटरवरून चाक चालवा, कारण पळणारा तिथूनच पळतो. मधोमध चालवलंत तर पुन्हा अंतर चुकेल. चुन्याची खूण पहिल्या पावसात जाते. पाण्याकडच्या बाजूला पक्का बसलेला दगड बघून त्यावर ऑइल पेंटची रेघ मारा, आणि पाळेवर कुठेही खड्डा खणून खुंटी ठोकू नका, पाणी तिथूनच वाट काढतं.